दोनशे रुपयांचं बक्षीसपत्र

नाशिकच्या एका काकूंचं पत्र आलंय. वय 71, कुटुंब निवृत्तिवेतन 19,000, मुदत ठेवी 16 लाख, फ्लॅट स्वतःच्या नावावर. मुलगा म्हणतो, फ्लॅट बक्षीसपत्राने आत्ताच माझ्या नावावर कर, मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये. ओळखीचे वकील म्हणतात, 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा आहे, मुलाने सांभाळलं नाही तर घर परत घेता येतं. करू का?

काकू, करू नका.

200 रुपयांचं खरं आहे. महाराष्ट्रात राहतं घर मुलाला किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मुद्रांक शुल्क तेवढंच. स्थानिक अधिभार वेगळा. पण मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही, आणि ते हवं तेव्हा बदलता येतं. मग घाई कशाची? ती तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत सापडली: त्याला दुकानासाठी कर्ज काढायचंय. म्हणजे नाव बदललं की फ्लॅट तारण जाणार, आणि हप्ते थकले की नोटीस तुम्ही राहता त्या दारावर लागणार. मुलगा वाईट आहे असं मी म्हणत नाही. धंदा वाईट चालला तरी घर जातं.

आता वकिलांचा मुद्दा. कलम 23 नुसार असं बक्षीसपत्र प्रांताधिकाऱ्यांचं न्यायाधिकरण रद्द करू शकतं, पण सांभाळण्याच्या अटीवर घर दिलेलं असेल तर. डिसेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच सांगितलं: अट सिद्ध झाली पाहिजे. जानेवारी 2025 च्या मध्य प्रदेशातल्या प्रकरणात न्यायालयाने उदार अर्थ लावून आईला घर परत दिलं खरं, पण तिथे मुलाने लिहून दिलेलं वचनपत्र असल्याचं आईचं म्हणणं होतं आणि ते कोर्टाने धरलं. त्यासाठी तिला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. शिवाय मधल्या काळात बँकेचा बोजा चढला असेल तर गुंता आणखी वाढतो.

पोटगीचं तर विचारूच नका. कायद्यातली कमाल मर्यादा महिना 10,000 रुपये, 2007 पासून तीच. ती काढून टाकणारं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत आलं आणि मंजूर न होताच बारगळलं. 10,000 मध्ये आज दिवसभराची बाई तरी मिळते का?

मुलाला मदत करायचीच असेल तर ठेवींतले 3 लाख चेकने द्या, उसने म्हणून कागदावर लिहून. उरलेले 13 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले तर 8.2 टक्के दराने तिमाहीला 26,650 रुपये येतील. फ्लॅटचं मृत्युपत्र करा, दोन साक्षीदार घरातले नकोत, शक्यतो नोंदणीही करून घ्या. एवढं सांगूनही बक्षीसपत्रच करायचं ठरलं, तर हयातभर राहण्याचा हक्क आणि सांभाळण्याची अट त्याच दस्तात घाला.

आणखी एक. निवृत्तिवेतनाच्या खात्यावर मुलाचं नाव 'दोघांपैकी कोणीही' असं असेल, तर तो तुम्हाला न विचारता पैसे काढू शकतो. बँकेत जाऊन खातं एकटीच्या नावावर करता येतं का विचारा आणि त्याला नॉमिनी ठेवा. हे उत्तर त्याला वाचायला दिलंत तरी माझी हरकत नाही.