टाचेची टोपी टिकत का नाही?

प्रश्न : मोच्याने स्टिलेटोच्या (उंच, निमुळत्या टाचेच्या सँडलच्या) टाचेला रबराचा तुकडा चिकटवून दिला, तो राजवाड्यापर्यंत जाईस्तोवर निघाला. टाचेच्या टोकावरची इतकी बारीक टोपी टिकाऊ कशी करतात?
– एक वाचक, इंदूर

उत्तर : नुसती चिकटवलेली टिकणारच नाही. 8 मिमी चौरस टोपीला चिकटायला जागाच किती? शिवाय प्रत्येक पावलाला ती आडवी रेटली जाते. म्हणून कारखान्यात स्टीलची खिळी साच्यात उभी करून तिच्या डोक्याभोवती कडक पॉलियुरेथेन (एक चिवट प्लॅस्टिक) दाबून भरतात. साधारण 3 मिमी जाडीची ही खिळी टाचेतल्या पोलादी नळीत ठोकून बसवतात. सगळी पकड तिची.

जुनी टोपी पक्कडीने सरळ खाली ओढा. हिसका दिला तर खिळी आतच तुटते आणि मग ड्रिलशिवाय गत्यंतर नाही. खिळीची जाडी व्हर्नियरने (बारीक मापं घेणाऱ्या पट्टीने) मोजून नवी जोडी घ्या. बोटाने ती अर्धीच आत जावी, बाकी हातोडीने. पूर्ण सरकली तर सैल आहे. फेविक्विक ओतू नका, किंचित जाड खिळी आणा. टोपी मोठीच घेतलेली बरी, बाहेर आलेली कड कानशीने घासता येते.

फरशीवर टकटक धातूचा आवाज आला की लगेच टोपी बदला. खिळीचं डोकं उघडं पडलंय, पुढे टाचेचं प्लॅस्टिकच झिजेल.