लोगो डिझायनर म्हणून बर्लिनला यायचं असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात एजन्सीत काही वर्षं काढली, आता स्वतंत्रपणे लोगोची कामं करताय, पुढच्या वर्षी बर्लिनला यायचा विचार आहे. व्हिसा मिळेल का, पोटापुरतं काम मिळेल का, आणि कुणीच ओळखत नसलेल्या शहरात नाव कसं होईल? शेवटी हेही विचारलंय, की पुण्यातले क्लायंट सोडून यावं का. मी नाशिकची. जेजेतून उपयोजित कला शिकले, मुंबईत काम केलं आणि मग इथे आले. लोगो आणि त्याभोवतीची सगळी ओळख घडवणं हेच माझं पूर्णवेळ काम आहे. मी लिहितेय ते जर्मनीपुरतं. लंडन किंवा दुबईची गणितं वेगळी.

तुम्ही पाठवलेली कामं बघितली. हात चांगला आहे, त्याची काळजी करू नका. इथे लोकांची गाडी अडते ती कागदांवर. आणि माझा अनुभव असा, की स्वतंत्र डिझायनरचं नावसुद्धा इथे बरंचसं कागदांमुळेच होतं: नीट लिहिलेलं कोटेशन, हक्कांचा स्पष्ट करार, वेळेवर दिलेल्या फाइली. म्हणून आधी तेच सांगते.

नोकरी न करता स्वतंत्र व्यवसायासाठी येणाऱ्यांचा परवाना जर्मन निवास कायद्याच्या कलम २१ खाली येतो. त्याचं पाचवं उपकलम फ्रायबेरुफ्लर मंडळींसाठी, म्हणजे डॉक्टर, वकील, अनुवादक, कलाकार यांसारख्यांसाठी आहे. डिझायनर त्यातच बसतो. भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून येऊन इथे हा परवाना काढता येत नाही. दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा भारतातूनच घ्यावा लागतो आणि वकिलात तुमची फाइल बर्लिनच्या परदेशी नागरिक कार्यालयाकडे पाठवून त्यांचं मत घेते. फाइलमध्ये पोर्टफोलिओ, शिक्षणाचे दाखले, उत्पन्न-खर्चाचा अंदाज, आरोग्य विमा, राहण्याची सोय हे सगळं लागतं. पण खरं वजन असतं ते जर्मनीतल्या ग्राहकांच्या पत्रांना. ‘आम्हाला हिच्याकडून अमुक काम करून घ्यायचं आहे, साधारण इतकं मानधन देऊ’ असं सहीनिशी लिहिलेलं पत्र. फक्त पुण्यातल्या क्लायंटच्या जोरावर अर्ज केलात तर ‘मग इथे येण्याची गरज काय’ असं विचारलं जाणारच. ही दोन-तीन पत्रं मिळवणं हे तुमचं पुढच्या काही महिन्यांचं पहिलं काम. परवाना एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो आणि तो तुमच्या व्यवसायाशी बांधलेला असतो. काम कमी पडलं म्हणून कॅफेत नोकरी धरली, असं चालत नाही.

आल्यावर पत्त्याची नोंदणी, मग फिनान्सआम्टकडे, म्हणजे कर कार्यालयाकडे, एल्स्टर या पोर्टलवरून प्रश्नावली भरणं. इथे एक बारीक गोष्ट आहे. डिझाइन करता तोवर तुम्ही फ्रायबेरुफ्लर. पण क्लायंट म्हणाला, ‘व्हिजिटिंग कार्डंही तुम्हीच छापून आणा,’ आणि तुम्ही छपाईवर स्वतःचा नफा लावून बिल केलंत, की तो व्यापार झाला. त्याची नोंदणी वेगळी, आणि तुमचा परवाना त्यासाठी नाही. छपाईवाल्याला सरळ क्लायंटला बिल करू द्या. तुम्ही देखरेखीचे पैसे लावा.

आता केएसके. ही कलाकारांची सामाजिक विमा संस्था; कार्यालय विल्हेल्म्सहाफेनला, कायदा १९८३ पासून लागू. नोकरदाराच्या आरोग्य विम्याचा आणि पेन्शनचा अर्धा भार मालक उचलतो. स्वतंत्र माणसाला मालक नसतो, म्हणून कलाकार आणि लेखकांच्या बाबतीत तो अर्धा भार केएसके उचलते. त्यातला काही वाटा केंद्र सरकारचा आणि मोठा वाटा आपल्याकडून काम करून घेणाऱ्या कंपन्यांचा. २०२५ मध्ये कंपन्यांना मानधनाच्या ५% इतकी रक्कम त्यासाठी भरावी लागत होती. एखादा क्लायंट कुरकुरतो आणि ‘हे तुमच्या बिलातून कापू का’ विचारतो. कापता येत नाही. शांतपणे नाही म्हणायचं. तुमच्या वाट्याला साधारण नफ्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी रक्कम येते. वर्षाला किमान ३,९०० युरो नफा हवा अशी अट आहे, पण व्यवसाय सुरू केल्यापासून पहिल्या तीन वर्षांत ती लागू नसते. अर्जासोबत खरी बिलं, करार, वेबसाइट असं सगळं जोडावं लागतं आणि उत्तराला महिने लागतात, म्हणून पहिलं बिल निघालं की लगेच अर्ज टाका. यात आणखी एक फायदा आहे जो इथले डिझायनर आपल्याला सांगत नाहीत, कारण त्यांना त्याची गरजच नसते: कायमच्या निवासासाठी साधारणपणे ६० महिन्यांचं पेन्शन योगदान किंवा त्याच्या तोडीची तरतूद दाखवावी लागते. केएसकेत असाल तर ते आपोआप साठत जातं. खासगी स्वस्त विम्यावर वर्षं काढणारे नंतर इथेच अडतात.

कराचं एवढंच, की पहिल्या वर्षी अनेकदा काहीच भरावं लागत नाही म्हणून हुरळून जाऊ नका. पहिलं विवरणपत्र गेलं की मागच्या वर्षाचा कर आणि चालू वर्षाचा आगाऊ कर एकदमच दारात येतो. त्यानंतर १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबर या तारखा ठरलेल्या. आलेल्या प्रत्येक बिलातला तिसरा हिस्सा वेगळ्या खात्यात टाका आणि विसरून जा.

पैशाचं गणित मांडूया. हातात महिन्याला २,५०० युरो हवेत असं धरलं, तर विमा आणि कर जाऊन तेवढे उरण्यासाठी नफा ४,००० च्या आसपास हवा. सॉफ्टवेअर, जागा, प्रवास धरून बिलं ४,५०० ची. महिन्यात प्रत्यक्ष बिल होणारे दिवस दहा-अकराच्या वर जात नाहीत, बाकीचे भेटीगाठी, कोटेशन आणि हिशेबात जातात. म्हणजे दिवसाला ४०० च्या खाली उतरायचं नाही. नीट केलेला लोगो आठ-दहा दिवस खातो. म्हणजे साडेतीन-चार हजार युरो, आणि हा आकडा सांगताना आवाज खाली जाऊ द्यायचा नाही. पुण्यातला रुपयांतला दर नुसता भागून युरोत आणण्याचा मोह टाळा. स्वस्त डिझायनर म्हणून झालेली ओळख पुसायला फार काळ लागतो. कोपऱ्यावरच्या बेकरीला चार हजार परवडत नसतील तर काम लहान करा: फक्त अक्षरचिन्ह, एक रंग, एक पाटी. दर तोच ठेवा. वार्षिक उलाढाल २५,००० युरोच्या आत असेल तर लहान उद्योजकाच्या सवलतीत विक्रीकर लावावा लागत नाही. फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर यांसारख्या क्लायंटना तो कर परत मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यासाठी १९% हा खरा खर्च असतो. सुरुवातीला ही सवलत तुमच्या कामी येईल. हक्क वापरायला दिल्यावर विक्रीकर ७% लावायचा की १९% हा जुना वाद आहे. करसल्लागाराला विचारल्याशिवाय बिलावर ७% लिहू नका.

हक्कांवर जरा थांबते, कारण आपल्याकडची सवय इथे अंगलट येते. पुण्यात आपण लोगो ‘देऊन टाकतो’. जर्मन कायद्यात निर्मात्याचा मूळ हक्क विकताच येत नाही. तुम्ही वापराचे हक्क देता. ते एकट्यालाच की इतरांनाही, किती काळ, कोणत्या देशांत, कशासाठी, हे लिहायचं असतं. लिहिलं नाही तर करार ज्या उद्देशाने झाला तेवढ्यापुरतेच हक्क गेले असं धरलं जातं. म्हणजे एका दुकानाच्या पाटीसाठी केलेलं चिन्ह उद्या पन्नास शाखांवर लागलं, तर बोलायला जागा राहते. भारतीय कायद्यातही हस्तांतरण लेखीच लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत असं मानलं जातं. पण हे आपल्याकडे किती जण वाचतात! इथे लोक वाचतात. २०१३ मध्ये इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने उपयोजित कलेला संरक्षणासाठी चित्र-शिल्पापेक्षा वरचढ निकष लावायचे नाहीत असा निकाल दिला. तरी दोन साध्या रेषांच्या लोगोला संरक्षण मिळेलच असं धरू नका. क्लायंटला ट्रेडमार्क नोंदवायला सांगा. म्युनिकच्या पेटंट-ट्रेडमार्क कार्यालयात वस्तू-सेवांच्या तीन वर्गांपर्यंत ऑनलाइन अर्ज २९० युरोत होतो. तसं चिन्ह आधीच कुणाचं आहे का ते सार्वजनिक नोंदवहीत फुकट बघता येतं, ते तुम्ही बघाच. पण ‘कायदेशीर अडचण नाही’ अशी हमी मात्र देऊ नका; ते वकिलाचं काम, आणि इथे ते दुसऱ्याने केलेलं चालत नाही.

याच ओघात: एजन्सीत असताना केलेली कामं पोर्टफोलिओत दाखवायची असतील तर लेखी परवानगी आत्ताच, पुण्यात असतानाच मागून घ्या. चोरीचे फॉन्ट आणि चोरीचं सॉफ्टवेअर पुण्यातच सोडून या. वेबसाइटवर तुमचं नाव-पत्ता देणारं इम्प्रेसुमचं पान कायद्याने लागतं, आणि गूगलचे फॉन्ट परस्पर गूगलच्या सर्व्हरवरून न जोडता स्वतःच्या सर्व्हरवर ठेवा. २०२२ मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने यावरून एका साइटवाल्याला १०० युरो भरपाई द्यायला लावली, त्यानंतर वकिली नोटिशींची लाटच आली होती.

आता नाव कसं होतं ते. इन्स्टाग्रामवरून मला इतर डिझायनरांची वाहवा मिळाली, काम क्वचित. कामं आली ती वेब डेव्हलपर, छपाईवाले आणि पाट्या बनवणाऱ्यांकडून, कारण नवा धंदा उघडणारा माणूस आधी त्यांच्याकडे जातो आणि त्याच्याकडे बहुतेक वेळा धड लोगो नसतो. पाटीवाल्याला तुमची फाइल उघडल्यावर एकही प्रश्न विचारावा लागला नाही, की तो तुमचं नाव पुढच्याला सांगतो. एवढी साधी गोष्ट आहे.

जर्मन ग्राहकाला कारण लागतं. कुर्ट वाइडेमान यांनी १९९४ मध्ये जर्मन रेल्वेचा लोगो बदलला तेव्हा भरीव लाल चौकटीतली पांढरी अक्षरं उलटी करून पांढऱ्यावर लाल अक्षरं आणि लाल चौकट केली. रंग कमी लागतो हे कुणालाही पटेल असं कारण. आंटोन श्टांकोव्स्की यांची १९७४ ची डॉइच बँकेची चौकोनातली तिरकी रेघ अजून चालू आहे. अशा समाजात ‘मला हे सुंदर वाटलं’ एवढ्यावर सादरीकरण संपवता येत नाही. पोर्टफोलिओत पंचवीस चकचकीत चित्रं ठेवण्यापेक्षा चार कामं घ्या आणि लिहा: अडचण काय होती, कोणत्या दिशा टाकून दिल्या, का, आणि सोळा पिक्सेलमध्ये, गाडीच्या दारावर, रबरी शिक्क्यात ते चिन्ह कसं दिसतं. हे जर्मनमध्ये लिहा. स्टार्टअपवाले इंग्रजीत बोलतात, पण ते दर दोन वर्षांनी सगळं बदलतात किंवा बुडतात. दवाखाने, सुतार, सायकलवाले, बालवाड्या हे टिकतात, पैसे वेळेवर देतात आणि जर्मन बोलतात. जर्मनची बी१ पातळीची परीक्षा तिकडूनच देऊन या.

लोगोच्या स्पर्धा लावणाऱ्या साइटवर राबू नका. जिंकलात तरी इथल्या ग्राहकावर त्याचा काही परिणाम होत नाही. मोठ्या डिझाइन पुरस्कारांना प्रवेश शुल्क असतं. क्लायंट भरत असेल तरच जा. आणि गणपतीच्या कार्यक्रमात भेटलेले आपले लोक ‘आमच्या केटरिंगसाठी जरा एक लोगो टाकून द्या ना’ म्हणतील, त्यांनाही कोटेशन पाठवा. आपली माणसं आहेत, सवलत द्या हवी तर, पण कागदावर.

देवनागरीचं तुमचं काम मला सगळ्यात आवडलं. त्याला इथे किंमत आहे, पण वाट वाकडी आहे. पहिली मागणी येईल ती योग स्टुडिओ आणि भारतीय रेस्टॉरंटची: कमळ, ॐ, आणि वर शिरोरेषा लावलेली रोमन अक्षरं. भाड्यासाठी करावंसं वाटलं तर करा, पोर्टफोलिओत मात्र लावू नका, नाहीतर पुढची सगळी कामं तशीच येतात. दोन लिप्यांत एकच ओळख बांधता येते हे दाखवणारं एखादं गंभीर काम ठेवा. बर्लिनमध्ये अरबी, रशियन ग्राहकही आहेत, आणि दुसऱ्या लिपीचा आदर करणारा डिझायनर त्यांना लवकर सापडत नाही.

पुण्यातले क्लायंट सोडू नका. पहिलं वर्षभर तेच घर चालवतील. इथून बिल कराल तेव्हा भारतातल्या नोंदणीकृत कंपनीला जर्मन विक्रीकर लागत नाही. त्यांच्या बाजूने जीएसटी तेच रिव्हर्स चार्जने भरतात. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, तेव्हा त्यांनी टीडीएस कापला तर प्रमाणपत्र मागून घ्या आणि इथल्या विवरणपत्राला जोडा. ग्राहकांच्या पत्रांचा मसुदा तयार झाला की मला पाठवा, जर्मन तपासून देते.