कोच की ट्रेनर? आधी एक ठरव

कॉलेजचा शेवटचा सीझन संपला तरी अमेरिकन फुटबॉल सुटत नाही, हे अगदी साहजिक आहे. पण ‘कोच किंवा ट्रेनर, जे मिळेल ते’ हे डोक्यातून काढ. मैदान एकच असलं तरी वाटा पार वेगळ्या आहेत.

अ‍ॅथलेटिक ट्रेनर म्हणजे जिममधला ट्रेनर नव्हे, खेळाडूंच्या दुखापती सांभाळणारी ही आरोग्यसेवा आहे. अमेरिकेत आता त्यासाठी मान्यताप्राप्त मास्टर्स, मग बीओसीची (अ‍ॅथलेटिक ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची) परीक्षा आणि बहुतेक राज्यांत लायसन्स लागतं. तू किती टचडाउन केलेस हे तिथे कोणी विचारत नाही. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, केमिस्ट्री झालंय का, ते आजच मार्कशीट काढून बघ.

कोचिंगला अशी ठरलेली परीक्षा नाही. तिथे जुन्या कोचचा एक फोन कामाला येतो. बरेच जण ग्रॅज्युएट असिस्टंट (पुढचं शिक्षण घेता घेता कॉलेज टीमच्या कोचचा मदतनीस) म्हणून शिरतात: पैसे बेताचे, आणि रात्र रात्र प्रतिस्पर्ध्याच्या मॅचची फिल्म थांबवत डाउन (कितवा प्रयत्न), उरलेलं अंतर, फॉर्मेशन (खेळाडूंची मांडणी) नोंदवत बसायचं. यात मजा येत असेल तरच जा.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:

- कालच्या टीममेट्सशी आजही यारीदोस्ती. शिस्त लावताना फार जड जातं.
- “आम्ही दुखत असतानाही खेळायचो” हे ऐकवणं. कन्कशनची (मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्याची) शंका आली की त्या दिवशी खेळ बंद, मग मॅच कुठलीही असो.

टेपिंग (सांध्यांना आधाराच्या पट्ट्या लावणं), रिहॅब वगैरे नंतर. आधी जवळच्या हायस्कूलच्या ट्रेनरला विचारून दोन-चार दुपारी त्याच्यामागे फिर.