मेंढ्या नसलेल्या घरात

"ताई, शेल्टरमध्ये दीड वर्षाची कुत्री पाहिली. बॉर्डर कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांची मिश्र जात आहे म्हणतात. इतकी गरीब, की लेक जाळीशी बसली तर हळूच येऊन तिला टेकून बसली. भुंकणं नाही, उड्या नाहीत. अशा शांत कुत्रीला फार व्यायाम लागणार नाही असं आम्हाला वाटतं. आम्ही दोघं नोकरी करतो, टाउनहाउस आहे. जूनमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत, त्यांचं सोवळं आहे. डिसेंबरात सगळे भारतात जाणार. लेक दहा वर्षांची आहे, 'सगळं मीच करीन' म्हणते. आणू का?" (न्यू जर्सीहून एक आई)

तुझं पत्र दोनदा वाचलं. सासूबाई, सोवळं, भारतवारी या सगळ्यांची काळजी केलीस, आणि जिथे खरी काळजी करायची तिथे मात्र "असं आम्हाला वाटतं" म्हणून मोकळी झालीस. रागावू नकोस, पण मी तिथेच थांबणार आहे.

अगं, शेल्टरमधली शांतता हा कुत्र्याचा स्वभाव असेलच असं नाही. सिमेंटची फरशी, दिवसभर शेजारच्या पिंजऱ्यांतला कल्लोळ, अनोळखी वास. अशा ठिकाणी कित्येक कुत्री मिटून जातात. या देशात आल्यावर पहिला महिना आपण कशा होतो आठव. फोन वाजला तरी उचलायची भीती, दुकानात तोंड उघडायचं नाही. कुणी तेव्हा आपल्याला पाहून 'किती शांत मुलगी' म्हटलं असतं! शेल्टरवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात. तीन दिवस बावरलेली, तीन आठवड्यांत रुळायला लागलेली आणि तीन महिन्यांनी खरी. तुम्ही पाहिलीत ती पहिल्या खणातली कुत्री.

तिचा गरीबपणा खराही असेल. आपणहून येऊन टेकली, ही चांगलीच खूण आहे. पण स्वभाव गरीब असला तरी कामाची भूक असतेच.

मेंढ्यांचा कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर धनगराचा कुत्रा येतो. माझं माहेर माण तालुक्यातलं. आमच्या रानात मेंढ्या बसवायचे तेव्हा ती कुत्री दिवसा सावलीला पडून असायची आणि रात्री लांडग्यासाठी जागायची. हाकणं धनगराचं, राखण कुत्र्याचं. बॉर्डर कॉली तशी नव्हे. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेंढपाळांनी पिढ्यान् पिढ्या अशीच कुत्री निवडली, जी दबून बसतात, नजर रोखतात, वळसा घालून कळप मेंढपाळाकडे आणतात, आणि हे सगळं त्याच्या शिट्टीवर करतात. ऑस्ट्रेलियन शेफर्डही नावाला ऑस्ट्रेलियन, घडला अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या रँचवर, गुरं वळण्यासाठी. या दोन्ही रक्तांची कुत्री आठ तास रिकाम्या टाउनहाउसमध्ये ठेवलीस तर ती स्वतःच काम शोधेल. सायकली वळेल, झाडू वळेल, मुलं वळेल.

आमची बिजली अशीच होती, २००८ साली आणलेली कॉलीमिश्र. शेल्टरमध्ये मान खाली घालून बसलेली, म्हणून मला पाझर फुटला. चौथ्या महिन्यात मुलाच्या वाढदिवसाला तिने अंगणातली अकरा पोरं कुंपणाच्या कोपऱ्यात गोळा केली आणि पळणाऱ्या एकाच्या टाचेला दात लावले. रक्त आलं नाही, पण त्या पोराच्या आईचा चेहरा मी विसरले नाही. आमचे हे म्हणाले, परत देऊन टाकू. मी दोन रात्री रडले. मग एका प्रशिक्षकाने आम्हाला एकच विचारलं, "तिला दिवसभरात काय काम असतं?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्या दिवसापासून तिचं जेवण वाडग्यात द्यायचं बंद केलं. जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत, खोक्यात, जिन्याच्या पायऱ्यांवर लपवायचं आणि तिने नाकाने शोधायचं. सकाळी पाऊण तास, संध्याकाळी पाऊण तास फिरणं, त्यात मनसोक्त हुंगू द्यायचं. दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटं शिकवणी. यांच्या चपला, माझा चष्म्याचा डबा, पेपर, नावानिशी आणायला शिकली. साउथ कॅरोलायनातल्या चेसर नावाच्या बॉर्डर कॉलीला एका निवृत्त प्राध्यापकांनी १०२२ खेळण्यांची नावं शिकवली होती. तुझ्या कुत्रीने वीस शिकली तरी घर शांत होईल. नुसता चेंडू फेकत राहू नकोस, त्याने दम वाढतो, डोकं उपाशीच राहतं.

आणि भाषा एकच ठेवा. आमच्याकडे मी 'बस' म्हणायचे, मुलगा 'सिट', हे 'खाली'. बिचारी तिघांची तोंडं बघत राहायची. मराठीच ठरवलंत तर सासूबाईंनाही तिला सांगता येईल. माझ्या सासूबाई सुरुवातीला पदर सावरून लांबून जायच्या. बिजली त्यांच्या 'थांब'वर थांबली, तेव्हापासून दुपारची शिकवणी त्यांनीच घेतली. देवघराच्या दाराला लहान मुलांसाठी लावतात तसलं फाटक लाव, सोवळ्याचा प्रश्न तेवढ्यात सुटतो. फक्त त्यांना आधीच सांग की शिऱ्यातला बेदाणा, कांदा-लसणाची आमटी प्रेमाने भरवायची नाही. हे कुत्र्यांना विषासारखं आहे.

लेकीचं 'सगळं मीच करीन' मनापासूनचं आहे, पण त्यावर हिशेब मांडू नकोस. माझ्या मुलानेही शपथ घेतली होती. जानेवारीत पहाटे बर्फात मीच उभी असायचे. तुमच्या दोघांपैकी एकाचं ऑफिस आठवड्यातून तीन दिवस तरी घरून नसेल, किंवा दुपारी फिरवणारं माणूस ठेवायची तयारी नसेल, तर ही कुत्री आणू नकोस. पाच-सहा वर्षांची, दुसऱ्या जातीची बघ.

आणलीस तर प्राण्यांच्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत एमडीआर१ या जनुकाची तपासणी करायला सांग. या वंशात त्या जनुकातला बदल बराच आढळतो, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये तर सुमारे निम्म्यांत. तो असेल तर आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस किंवा जुलाबावरचं लोपरामाइड मेंदूवर परिणाम करतं. आपल्या औषधांच्या डब्यातलं काही देऊ नकोस.

भारतात नेऊ नका. रेबीजमुळे अमेरिकेने भारताला जास्त धोक्याच्या देशांच्या यादीत ठेवलंय, परत आणताना कागदपत्रांत जीव जाईल. आतापासून एखादं ओळखीचं घर बघून ठेव आणि नोव्हेंबरात दोनदा तिथे रात्रभर ठेवून पाहा.

शनिवारी पुन्हा जा, पण लेकीला घरी ठेवून. कुत्रीला तिथल्या अंगणात आणायला सांग, खिशातला खाऊ मुठीत लपव आणि तिच्यासमोर धर. मूठ हुंगून झाल्यावर ती तुझ्या चेहऱ्याकडे बघते का, तेवढं बघ. दोन-तीन आठवडे घरी ठेवून बघायची सोय आहे का, तेही तिथे विचार. आणि मला पुन्हा लिही.