शून्य तेराव्या महिन्यात येतं

"मॅडम, याचं गणित बंद करायचं काय होतंय का बघा. आमच्या साडूच्या पोरानं सामान्य गणित घेतलं होतं, तसं काहीतरी."

इचलकरंजीत सूत वाहून नेणारा टेम्पो चालवणारे वडील, शेजारी मान खाली घातलेला दहावीतला मुलगा. (ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.) बोर्डाचा तो सोप्या, सामान्य गणिताचा पर्याय केव्हाच बंद झाला, हे सांगितल्यावर वडिलांचा चेहरा पडला. मुलगा पहिल्यांदाच बोलला, "ए प्लस बी होल स्क्वेअर आयुष्यात कुठं लागतं, ते तरी सांगा."

हा प्रश्न माझ्याकडे दर मार्च-एप्रिलला येतो. पूर्वी मी बाजारहाटाचं उदाहरण द्यायचे. एका मुलीनं "मोबाईलात कॅल्क्युलेटर असतो की" म्हणून ते कायमचं बंद पाडलं, आणि तिचं बरोबरच होतं. आता मी खरं तेच सांगते, "बहुतेकांना नाही लागत."

तो चमकला. मग मी विचारलं, हा प्रश्न इतिहासाबद्दल का पडत नाही? शिवकालीन सनावळ्या तरी रोज कुठे लागतात? बऱ्याच वेळानं उत्तर आलं. आठवीत फळ्यापाशी बोलावलं होतं, दोन अपूर्णांकांची बेरीज करताना त्यानं अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला, आणि वर्ग हसला. तेव्हापासून गणिताच्या तासाआधी पोटात दुखतं. "उपयोग काय" विचारणाऱ्या निम्म्याअधिक मुलांच्या मागे मला असाच एखादा फळा सापडतो. त्यांना उपयोग नको असतो, सुटका हवी असते. तेव्हा गणिताची थोरवी ऐकवून काही होत नाही. आम्ही पाचवीच्या अपूर्णांकांपर्यंत मागे गेलो, भाकरीचे तुकडे करत. दोन महिने गेले त्यात. त्यावर जास्त सांगण्यासारखं नाही, चिकाटीचं काम आहे.

सांगायची गोष्ट वेगळीच. क्लासची फी का जमत नाही हे सांगताना वडील म्हणाले होते की टेम्पोच्या दुरुस्तीला 1,20,000 रुपये उचललेत, 12 टक्क्यांनी, वर्षाची मुदत, महिना 11,200 हप्ता. त्यांना विचारून मी तेच गणित मुलापुढे ठेवलं. व्याज 14,400, बरोबर 12 टक्के. त्यानं हिशेब तपासला, मान डोलावली. मग थांबला. "पण दर महिन्याला 10,000 मुद्दल फिटतंय ना? मग व्याज अख्ख्या 1,20,000 वर कसं?"

मी गप्प बसले. त्यानं दर महिन्याची शिल्लक लिहायला घेतली : 1,20,000, 1,10,000, 1,00,000... "ही तर अंकगणिती श्रेढी!" दर पायरीला सारखाच फरक असलेली आकड्यांची रांग, त्याच वर्षीच्या पुस्तकातली. घाईघाईत मी शेवटचं पद शून्य लिहिलं.

"मॅडम, चुकलं. बाराव्या महिन्यात 10,000 वापरात असतात. शून्य तेराव्या महिन्यात येतं."

मी मुद्दाम चुकले होते असं आता म्हणता येईल, पण नाही, खरंच चुकले. त्यानं ताळा करून दाखवला. बारा पदं, पहिलं आणि शेवटचं मिळून 1,30,000, सहा पटीत बेरीज 7,80,000, सरासरी 65,000. म्हणजे वर्षभर सरासरी 65,000 वापरायला मिळाले आणि व्याज 14,400. दर बावीस टक्क्यांच्या आसपास.

पालकांना मी हेच दाखवते. शाळेत इतर बहुतेक ठिकाणी "सर म्हणाले" किंवा "पुस्तकात आहे" एवढ्यावर भागतं. गणितात पंधरा वर्षांचं पोर मोठ्या माणसाला "तुमचं चुकलं" म्हणू शकतं, आणि मोठ्या माणसाला ते मानावं लागतं. त्यासाठी श्रेढीचं सूत्र आयुष्यभर लक्षात राहायलाच हवं असं नाही. ताळा करायची सवय मात्र लागावी लागते, आणि ती गणित न करता लागलेली मी तरी पाहिलेली नाही.

गणित त्याला आवडायला लागलं असं म्हणणार नाही. पूर्वपरीक्षेत भाग एकमध्ये 40 पैकी 17 मिळाले, आधीच्या चाचणीत 9 होते. पोटदुखी कमी झाली, गेली नाही.

वडिलांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. दारापाशी थांबून मुलाला म्हणाले, "सही करताना तू संगं असायला पायजे होतास."