'परजीवी', 'परोपजीवी' आणि कल्ल्यातले 'जंत'

प्रश्न नवापूरकडच्या एका मत्स्यपालकाचा आहे. शेततळ्यातल्या कटल्याच्या कल्ल्यांवर पांढऱ्या गाठी आल्या. तपासणीच्या कागदावर 'परजीवी' असं आलं, पाठ्यपुस्तकात 'परोपजीवी' आहे आणि गावात सगळे 'जंत झाले' म्हणतात. यातलं बरोबर काय?

पहिल्या दोन शब्दांत भांडण नाही. दुसऱ्यावर जगतो तो परजीवी, दुसऱ्यावर उपजीविका करतो तो परोपजीवी. बोलायला 'परजीवी' सुटसुटीत, तोच वापरावा. फक्त हा शब्द जगण्याची रीत सांगतो, कूळ सांगत नाही, एवढं ध्यानात असू द्यावं.

अडचण 'जंत' म्हणण्यात आहे. 'जंत' आणि 'जंतू' दोन्ही संस्कृत 'जन्तु'चेच, पण मराठीने त्यांची वाटणी करून टाकली: आतड्यात होतो तो जंत, म्हणजे कृमी, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही तो रोगजंतू. कल्ल्याला आकड्यांनी चिकटणारा डॅक्टिलोगायरस हा खरोखर कृमी आहे, चपटा आणि अंडी घालणारा. त्याचा भाऊबंद गायरोडॅक्टिलस थेट पिल्लं देतो. ट्रायकोडिना मात्र कृमी नव्हे, एकपेशीय आदिजीव आहे. 'पांढरे ठिपके' हा रोग करणारा इक्थियोफ्थिरियसही आदिजीवच. सूक्ष्मदर्शकाखाली त्याचं नालाच्या आकाराचं केंद्रक दिसलं की ओळख पटते. आणि बाजारात 'अँकर वर्म' नावाने ओळखला जाणारा लर्निया कृमी नाहीच, तो कोळंबी-खेकड्यांच्या गोतातला. या सगळ्यांना 'जंत' म्हटलं की माणूस जंताचं औषध आणतो. ते आदिजीवांवर चालत नाही, पैसे जातात आणि मासेही जातात.

आता त्या गाठी. कटल्याच्या कल्ल्यांवर अशा गाठी बहुधा मिक्सोबोलस किंवा थेलोहॅनेलस या सूक्ष्म परजीवींच्या असतात, पण खात्री करूनच नाव द्यावं. मासा जिवंत किंवा नुकताच मेलेला हवा, कारण मासा मेला की ट्रायकोडिनासारखे जीव अंग सोडून जातात आणि काचेवर काही सापडत नाही. कल्ल्याचा गाठ असलेला तुकडा कात्रीने कापून पाण्याच्या थेंबात ठेवा, वरून आच्छादन काच दाबून गाठ फोडा आणि ४०० पट मोठं करून पाहा. साधारण १० मायक्रॉनचे बीजाणू दिसतील. टोकाशी दोन पिशव्या असतील तर मिक्सोबोलस, एकच असेल तर थेलोहॅनेलस. त्या पिशवीत गुंडाळलेला धागा असतो, जेलीफिशच्या दंशपेशीत असतो तसा, आणि हे जीव खरोखरच जेलीफिशच्या कुळातले निघाले आहेत! फार काळ त्यांना आदिजीवांत बसवलं होतं.

यांच्यातल्या ज्यांचं जीवनचक्र उलगडलं आहे, त्यांतल्या बहुतेकांचा अर्धा संसार गाळातल्या टुबिफेक्ससारख्या वळवळ्या किड्यांत चालतो. हे पहिल्यांदा १९८४ साली अमेरिकेत, ट्राउट माशातल्या मिक्सोबोलसबाबत सिद्ध झालं. म्हणजे गावकऱ्यांचा 'किडा' या गोष्टीत आहे खरा, पण तो माशात नसून गाळात आहे.

ट्रायकोडिनासाठी १०० लिटर पाण्यात २ ते ३ किलो मीठ घालून माशांना थोडा वेळ बुडवतात. मासा कलंडू लागला की लगेच काढायचा. मिक्सोबोलसच्या गाठीत मीठ पोचत नाही. तिथे गाठी असलेले मासे वेगळे काढून नष्ट करणं आणि उन्हाळ्यात तळं रिकामं झालं की गाळ उपसून, तळ कडक वाळवून चुना मारणं, एवढंच हाती उरतं. म्हणून तपासणीच्या कागदावर 'परजीवी' एवढंच असेल तर पुढचं नावही लिहून मागा.