भाड्याची खोली सजवतेयस? आधी एवढंच कर

अगं, पहिला महिना शोभेचं काहीच घेऊ नकोस. ऊन कुठून येतं, बॅग कुठे टाकतेस, चहा कुठे बसून पितेस ते कळू दे. बहुतेक मुली पहिल्याच रविवारी पुण्याच्या तुळशीबागेतल्या बाजारातून पिशव्या भरून आणतात आणि मग धूळ पुसत बसतात.

खर्च करायचाच तर उजेडावर कर. पांढरीफटक ट्यूब अख्ख्या खोलीचं हॉस्पिटल करते. २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) पिवळसर एलईडी बल्ब घे, सोबत एक साधा टेबल लँप.

पडदे विकत आणू नकोस, आईकडून जुनी सुती साडी माग. साडेपाच मीटरमध्ये सात फुटी दोन पडदे निघतात, शिवाय कुशनच्या दोन खोळींपुरतं कापड उरतं. पदराचा भाग खोळींना ठेव. काठ पडद्याच्या दोन्ही कडांना उभे येतात, वेगळी लेस लागत नाही. कापण्याआधी साडी उजेडासमोर धर. विरली असेल तर सोडून दे.

नेहमीच्या चुका:
- घरमालकाला न विचारता खिळे ठोकणं. डिपॉझिट त्यातच जातं.
- डिस्टेंपरच्या भिंतीवर चिकट हुक. रंगाच्या पोपड्यासकट खाली येतात.
- अंधाऱ्या कोपऱ्यात मोगरा. तिथे मनीप्लँटच ठेव.

वापरलेलं सामान घ्यायला पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी जा. लाकडी स्टूल आवडलं तर उलटं करून बघ: बारीक भोकं असली, भुसा गळत असला, तर कीड लागलीय; कितीही स्वस्त असो, घेऊ नकोस.

कपाटाचं नंतर बोलू.